गाडीला वॅक्स लावताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी, कोल्हापूरच्या हवेत

माझ्या भाच्यानं दिवाळीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली. चार वर्षं वापरलेली. आधीचा मालक रोज शिरोली एमआयडीसीत कामाला जायचा आणि गाडी दिवसभर तिथंच उभी असायची. पहिल्याच शनिवारी भाच्याचा फोन आला, "मामा, वॅक्स कुठलं घेऊ?" म्हटलं, आधी गाडी घेऊन ये, आणि येताना घरातली एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी आण.

रविवारी सकाळी गाडी धुतली, पुसून कोरडी केली. मग ती पिशवी हातमोज्यासारखी हातात चढवून त्याला बोनेटवरून बोटं अलगद फिरवायला सांगितलं. दिसायला पत्रा अगदी स्वच्छ होता. पण बोटं फिरली तसा तो थबकला. "मामा, लई खरखरतंय की! वाळू राहिली काय?"

वाळू नव्हती, लोखंड होतं. तिथल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ओतलेल्या भागांचं ग्राइंडिंग चालतं तेव्हा उडणारा लोखंडाचा बारीक कीस हवेतून येऊन आसपासच्या गाड्यांवर बसतो. दव आणि पाऊस लागला की तो कण गंजतो आणि गंजता गंजता रंगात रुतून बसतो. पांढऱ्या गाडीवर डोळे जवळ नेले तर सुईच्या टोकाएवढे नारिंगी टिपके दिसतात. साबणानं ते हलत नाहीत. त्यांच्यावरच वॅक्स चढवलं तर वर चकाकी येते आणि खाली गंज चालूच राहतो.

म्हणून लेख वॅक्सचा असला तरी यातला बराचसा भाग डबा उघडण्याआधीचा आहे. वॅक्स स्वच्छ रंगावर लावलं तरच त्या कष्टाचं चीज होतं.

आपण नक्की काय जपतो

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राचा कागदसुद्धा त्याहून जाड भरेल. ऊन, पक्ष्यांची विष्ठा, धूळ, चुकीच्या फडक्याचे ओरखडे हा सगळा मार तोच खातो. एकदा उडाला की तो परत येत नाही, पेंटरकडे गाडी न्यावी लागते. वॅक्स त्याच्या वर बसतं. वॅक्सचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ, आणि तो झिजावा म्हणूनच लावलेला. तो झिजला की आपण पुन्हा लावायचा.

इथं एक गोंधळ आधीच निस्तरू. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळ्यालाच 'पॉलिश' म्हणतात. पण पॉलिश आणि रबिंग कंपाउंडमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते चरे काढतात खरं, पण क्लिअर कोट थोडा थोडा खरवडूनच काढतात. वॅक्स काही खरवडत नाही, ते फक्त वर बसतं. त्यामुळे वॅक्सनं चरे जात नाहीत, बारीक रेघा थोड्या झाकल्या जातात एवढंच. डब्यावर 'क्लीनर वॅक्स' लिहिलेलं असेल तर त्यात सफाईसाठी घासणारा अंश असतो. जुन्या, ओढलेल्या रंगाला ते एकदा चालतं, दरवेळी नको.

आणि काही गाड्यांना वॅक्स लावूच नका. मॅट रंगाला लावलं तर त्यावर चकाकणारे धब्बे पडतात. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पक्का बसणारा रासायनिक थर, केलेल्या गाडीला त्याची गरज नसते. अपघातानंतर दार किंवा बंपर नव्यानं रंगवला असेल तर तेवढ्या भागाला निदान एक-दोन महिने मोकळं सोडा, कारण गॅरेजमधल्या रंगातले सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतात. किती थांबायचं ते पेंटरला विचारून घ्या. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीचा रंग मात्र कारखान्यात भट्टीत भाजलेला असतो, तिला पहिल्या आठवड्यातही लावलं तरी चालतं.

कधी लावायचं

बाहेरच्या पुस्तकांत 'दर तीन महिन्यांनी' असं काही लिहिलेलं सापडतं. माझा अनुभव असा की कोल्हापुरात महिने मोजण्यापेक्षा ऋतू आणि सण बघून लावलेलं बरं.

पहिला हात मेच्या मध्यानंतर, एखादा वळीव पडून गेल्यावर. जूनपासून गाडी चार महिने ओली राहते. गगनबावड्याकडे जाणं-येणं असेल तर विचारूच नका. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरावरची जांभ्याची तांबडी माती चाकांनी उडून दारांच्या खालच्या पट्टीवर बसते. खाली वॅक्स असेल तर ती नुसत्या पाण्याच्या धारेनं सुटते, नसेल तर घासावी लागते. आणि घासलं की चरे आलेच.

दुसरा हात खंडेनवमीच्या आधी. पावसाळ्यानं आधीचं वॅक्स संपवलेलं असतं, आणि दसऱ्याला गाडीची पूजा असते. बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो, हार घालतो. वॅक्स लावलेल्या पत्र्यावरून ते दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं निघून येतं. शिवाय लगेच पुढे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. शेतात पाचट जाळतात, गुऱ्हाळं पेटतात, साखर कारखान्यांची धुराडी चालू होतात, आणि सकाळी उठून बघावं तर टपावर काळी राख. ही राख मऊ दिसते, पण उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, आणि वाळूही सिलिकाचीच. कोरड्या फडक्यानं ती पुसणं म्हणजे रंगावर वाळू घासणं.

हे मी स्वतः केलेलं आहे. माझी गर्द निळी गाडी नवी होती तेव्हा रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी कोरडं पिवळं फडकं घेऊन ती पुसायचो. मनापासून पुसायचो. दोन वर्षांनी एका रात्री पेट्रोल पंपावर वरच्या दिव्याखाली उभा होतो, तेव्हा बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसल्या. सगळ्या माझ्याच हातच्या. ते जाळं काढायला मशीन पॉलिश करावं लागलं आणि तेवढा क्लिअर कोट कायमचा कमी झाला. तेव्हापासून कोरडं फडकं गाडीला लावलेलं नाही.

तिसरा हात चैत्र यात्रेच्या आधी, जोतिबाला गाडी घेऊन जाणार असाल तर. गुलाल पडला की तो हातानं किंवा फडक्यानं झटकू नका. घरी आल्यावर आधी नळीनं भरपूर पाणी वरून खाली सोडा, पाणी गुलाबी यायचं थांबलं की मग शाम्पू. दारांच्या रबरात आणि वायपरच्या खाचेत गुलाल दडून राहतो, तिथं पाणी जरा जास्त मारा.

सामान

दोन बादल्या. कार शाम्पू. धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा. पुसण्यासाठी जाड, लांब लवेचा मायक्रोफायबर टॉवेल. वॅक्स काढण्यासाठी आखूड लवेची निदान चार मायक्रोफायबर फडकी. वॅक्स लावायला फोमचं गोल पॅड, जे बहुतेक डब्यात येतंच. मास्किंग टेप. क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, आणि गाडी एमआयडीसीत उभी राहत असेल तर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण सोडवणारा फवारा.

यातल्या मायक्रोफायबरवर पैसे वाचवू नका. जुनी बनियन, चिंध्या, धोतराचं फडकं हे सगळं सायकलला ठीक आहे. फडक्याच्या कडेला जाड शिलाई किंवा टोचणारं लेबल असेल तर ते आधी कापून टाका.

वॅक्सचे मुख्य दोन प्रकार. एक कार्नोबा, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. तिथल्या कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच ते पानावर चढवतं. ते वितळायला ८० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांलाच वितळतं. मे महिन्याच्या दुपारी काळ्या गाडीच्या बोनेटला हात लावून बघा, मग या फरकाचं महत्त्व कळेल. कार्नोबाची झळाळी खोल आणि उबदार असते, गडद रंगांवर फार शोभते, पण टिकते महिना-दीड महिना. दुसरा प्रकार कृत्रिम, त्याला सिंथेटिक वॅक्स किंवा पेंट सीलंट म्हणतात. तो चार ते सहा महिने धरतो. पावसाळ्याआधी सीलंट आणि दसऱ्याआधी कार्नोबा, असं मी करतो. पहिल्यांदाच लावणार असाल तर सीलंटपासून सुरुवात करा. काढायला सोपं असतं.

धुणं

सावली हवी आणि पत्रा थंड हवा. सकाळी सातला सुरुवात करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं काम सगळ्यात चांगलं होतं.

आधी नुसतं पाणी. टपापासून खाली, चाकांच्या कमानीत आतून. सुटी माती हात न लावता जेवढी जाईल तेवढी जाऊ द्या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून मगच परत शाम्पूत. ही दुसरी बादली बरेच जण टाळतात. गाडी धुऊन झाल्यावर तिच्या तळाशी बोटं घालून बघा. तो गाळ नाहीतर पुन्हा गाडीवरच फिरला असता. चाकांसाठी वेगळं फडकं, ते बॉडीला लावायचं नाही. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण रोजच्या धुण्याला वापरू नका, लावलेलं वॅक्स त्यानं निघून जातं. डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्यानं पुसून चकाकी आणायची जुन्या ड्रायव्हर मंडळींची पद्धत अजून दिसते. ती चकाकी तेलाची असते, त्यावर धूळ चिकटते आणि रबराची वाट लागते.

शक्यतो नळाचं पाणी घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर वाळताना पांढरे ठिपके सोडतं, म्हणून एक एक भाग वाळायच्या आत टॉवेलनं टिपून घ्या. टॉवेल पसरून अलगद ओढायचा, रगडायचा नाही.

रुतलेली घाण

आता पिशवीची परीक्षा. बोट गुळगुळीत सरकलं तर थेट वॅक्सवर जा. खरखर लागली तर ही पायरी चुकवू नका.

भाच्याच्या गाडीला आम्ही आधी आयर्न रिमूव्हर मारला. हातमोजे घाला, वाऱ्याच्या बाजूला तोंड करू नका, याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. फवारा मारून दोन-तीन मिनिटं थांबलो आणि पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागले. प्रत्येक ओघळाच्या वरच्या टोकाला एक कण होता. भाचा बघतच राहिला. रसायन लोखंडाला लागलं की असा रंग धरतं. ते वाळू द्यायचं नाही, डब्यावर लिहिलेल्या वेळेत भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं.

उरलेल्या खरखरीला क्ले बार. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते. लिंबाएवढा तुकडा घ्या, हातात मळून चपटा करा. पत्र्यावर आणि क्लेवर शाम्पूचं पाणी किंवा क्लेबरोबर मिळणारा स्प्रे भरपूर मारा. कोरडा क्ले कधीच फिरवू नका. दोन बोटांच्या दाबानं, सरळ रेषेत, मागे-पुढे. सुरुवातीला बोटांना अडखळणं जाणवतं आणि बारीक आवाज येतो. आवाज बंद झाला, क्ले सरकायला लागला, की तो भाग झाला. क्लेची काळी झालेली बाजू आत दुमडून नवी बाजू वर काढत राहा. तुकडा जमिनीवर पडला तर तो तिथंच सोडा, धुऊन वापरू नका. त्याला चिकटलेला एक खडा पूर्ण दारावर रेघ ओढेल. वर्षातून एकदा क्ले पुरतो. त्यानंतर गाडी पुन्हा धुऊन पूर्ण कोरडी करा. आरशांखालून आणि हँडलच्या मागून पाणी नंतर टिपकत येतं, तेही टिपून घ्या.

वॅक्स

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, आणि बंपरचा बिनरंगाचा भाग यांना मास्किंग टेप लावा. वॅक्स तिथं बसलं की पांढरा डाग वाळतो आणि सहज निघत नाही. पुढच्या काचेलाही लागू देऊ नका, पावसात वायपर फिरला की धूसर पट्टा पडतो.

पॅड किंचित ओलसर करा. डब्यातल्या वॅक्सवर टेकवून पाव फेरा फिरवा, बस्स. तेवढं दोन फूट बाय दोन फुटाला पुरतं. सगळे नवखे इथंच चुकतात, लोण्यासारखा गोळा काढतात. जादा वॅक्स रंगाला धरत नाही, ते शेवटी फडक्यावरच येतं आणि काढताना दंड भरून येतात. आरशावर श्वास सोडला की जेवढी वाफ धरते, पत्र्यावर तेवढंच धुकं दिसलं पाहिजे. सरळ रेषांत लावा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी यावी. आधी टप, मग बोनेट, दारं, डिकी, शेवटी बंपर. सुरुवातीला एका वेळी एकच भाग लावा आणि काढा, सगळ्या गाडीला लावून बसू नका.

किती वाळू द्यायचं हे डब्यावर दिलेलं असतं, पण घड्याळापेक्षा बोटाची परीक्षा खात्रीची. स्वच्छ बोट धुक्यावरून एकदा ओढा. खाली लखलखीत, कोरडी रेघ उमटली तर तयार. ओशट फरफटा उठला तर अजून थांबा. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी मला पाच मिनिटं पुरतात, सप्टेंबरच्या दमट हवेत पंधरा लागली आहेत.

काढायचं फडकं चार पदरी दुमडा, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या बाजूनं धुकं उचला, बाजू पालटून हलकं फिरवा, मग दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं शेवटचा हात. दाब द्यायची गरज पडत असेल तर वॅक्स जास्त लागलंय किंवा जास्त वाळलंय. अशा वेळी नखानं किंवा जोरानं खरवडू नका. त्याच जागी पातळ ताजं वॅक्स लावून लगेच पुसा, जुना थर मऊ होऊन त्याच्याबरोबर निघतो. ऊन लागलेल्या पत्र्यावर चुकून लावलं गेलं तरी हाच उपाय. नंबरप्लेटच्या आणि लोगोच्या फटींत राहिलेली पांढरी भुकटी मऊ टूथब्रशनं निघते.

दुसरा थर द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी. तो पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून काढण्यासाठी असतो. दोनापलीकडे जाऊ नका.

आम्ही सकाळी सातला सुरू केलं आणि साडेबाराला हात धुतले. त्यातलं वॅक्स लावणं-काढणं पाऊण तासाचं.

नंतर

पहिला दिवस गाडी पावसापासून आणि पाण्यापासून लांब ठेवा. पुढे धूळ दिसली तर पाणी मारा, किंवा दोन दिवस तशीच राहू द्या. धुळीनं रंग खराब होत नाही, धूळ घासल्यानं होतो.

पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढा. रंकाळ्यावर झाडाखाली गाडी लावून तासभर फिरून आलं की हमखास सापडते. तिच्यात यूरिक आम्ल असतं. उन्हात रंग किंचित फुगतो, संध्याकाळी आकसतो, आणि तिचा ठसा पत्र्यात बसतो. वॅक्समुळे तुम्हाला थोडे तास जास्तीचे मिळतात, कायमची सुटका नाही. वर पाण्यानं भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, पुसत नेऊ नका. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबर कायम असू द्या.

वॅक्स शिल्लक आहे की नाही हे पाणी सांगतं. धुताना बोनेटवर पाणी गोल, उंच थेंबांनी उभं राहिलं तर थर जिवंत आहे. थेंब बसके झाले आणि पाणी चादरीसारखं पसरून रेंगाळायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली. टपावर आणि बोनेटवर ते आधी संपतं, दारांवर उशिरा. तेव्हा दरवेळी पूर्ण गाडीच करायला हवी असं नाही.

वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका, सुती कपड्यांची लव त्यांना चिकटते. कोमट पाण्यात, थोड्या पातळ साबणात वेगळी धुवा. कपडे मऊ करायचं द्रव्य घालू नका, त्यानं तंतू बुजतात. सावलीत वाळवा, इस्त्री करू नका, आणि वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा. अंगणातल्या दोरीवर ती आठवडाभर लटकत राहिली तर हंगामातली सगळी राख त्यांच्यातच जाऊन बसेल. वॅक्सच्या डब्याचं झाकण घट्ट लावून तो घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. माझा २०० ग्रॅमचा डबा असा दोन वर्षं पुरला आहे.